माथेरानचे स्टेशन आणि स्टेशनाबाहेरचा माणूस

जुन्या वास्तू, जुनी यंत्रे, जुने रस्ते जपण्याची हौस अलीकडे आपल्या पांढरपेशा वर्गाला फार लागली आहे. 'वारसा' हा त्या हौसेचा परवलीचा शब्द. या शब्दाशी माझे भांडण नाही. ज्यांच्या वाट्याला मागे ठेवण्यासारखे दगडाचे काही आलेच नाही, त्यांनाही इतिहास हवा असतो. किंबहुना त्यांनाच तो अधिक हवा असतो. प्रश्न एवढाच, की वारसा म्हणून काय जपायचे हे कोण ठरवतो, आणि ठरवताना तो कुठे उभा असतो? डब्याच्या खिडकीशी, की स्टेशनाच्या दाराबाहेर, जिथे भाड्याची वाट पाहत माणसे उभी असतात तिथे?

हा प्रश्न मी माथेरानच्या छोट्या रेल्वे स्टेशनाच्या निमित्ताने विचारतो आहे. माथेरानची गाडी तीन वेळा बंद पडली आणि तीन वेळा पुन्हा सुरू झाली. प्रत्येक वेळी तिच्यावर भरभरून लिहिले गेले. ते लिखाण मी वाचत आलो आहे, आणि त्या लिखाणात जे नाही त्याविषयी बोलणे मला आवश्यक वाटते.

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा 'शोध' लावला, या वाक्याने माथेरानवरची बहुतेक पुस्तके सुरू होतात. त्या डोंगरावर धनगर होते, ठाकर होते, कातकरी होते. रानातल्या वाटा त्यांच्याच पायांनी पडलेल्या होत्या. माथ्यावरचे रान ते माथेरान, हे नावसुद्धा साहेबाने दिलेले नाही. पण ज्याच्या हाती नकाशा असतो त्याने पाहिले म्हणजे शोध लागतो आणि ज्याच्या पायाखाली वाट असते त्याचे पाहणे कोणी मोजत नाही, हा इतिहासलेखनाचा जुनाच नियम आहे. त्यानंतर मुंबईचे गोरे अधिकारी आणि त्यांच्या मागोमाग शेटिये मंडळी उन्हाळ्यासाठी वर बंगले बांधू लागली. नेरळपर्यंत जी. आय. पी.ची गाडी होती. तिथून वर जायचे तर घोड्यावर, पालखीत, नाहीतर पायी. पालखी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तिच्यात बसलेला येतो; ती चालते ती खांद्यावर घेणाऱ्यांच्या पायांनी.

ही रेल्वे सरकारने बांधली नाही. मुंबईचे बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीने ती उभी राहिली. १९०४ मध्ये काम सुरू झाले, १९०७ च्या मार्चमध्ये गाडी वर आली. सोळा लाख रुपये खर्च झाले. दोन रुळांमधले अंतर अवघे दोन फूट, लांबी सुमारे २१ किलोमीटर, आणि काही ठिकाणी चढ असा की वीस फूट पुढे गेले की एक फूट वर. एवढ्या तीव्र चढावर घोड्याच्या नालासारखी वळणे घेत गाडी डोंगर चढते. त्या वळणांना पेलतील अशी खास इंजिने जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कोपेल या कारखान्यात तयार झाली. हे सारे कौतुकास्पद आहे आणि मी ते मोकळ्या मनाने करतो. यंत्राचे कौतुक करण्यात कमीपणा मानणाऱ्यांपैकी मी नाही. आपल्या माणसाला गावगाड्याच्या जोखडातून बाहेर पडायला ज्या गोष्टींनी वाट दिली त्यात गिरणीचा भोंगा आणि रेल्वेचा रूळ या दोन्ही होत्या. ज्यांना चुलीच्या धुराचा आणि बैलगाडीच्या चाकाचा उमाळा येतो त्यांनी तो खुशाल येऊ द्यावा.

माथेरानच्या गाडीनेही असेच एक काम केले. नेरळपासून माथ्यापर्यंत माणसाला खांद्यावर घेऊन चढणाऱ्या माणसाच्या खांद्यावरचा भार तिने उतरवला. ज्या वाटेवर पालखीवाले धापा टाकत चढत होते त्या वाटेला समांतर वाफेचे इंजिन धापा टाकू लागले. माझ्या मते या रेल्वेचा खरा गौरव इथे आहे, आणि तिच्या गौरवपर लेखनात नेमका हाच मुद्दा आढळत नाही. तिथे असतात बोगद्याच्या नावावरचे विनोद, माकडे, करवंदे आणि लेखकाचे बालपण.

पण यंत्राने उतरवलेला भार फक्त स्टेशनापर्यंतच उतरला. स्टेशनाच्या पुढे बंगला, हॉटेल, पॉइंट यांच्याकडे जाणारी तांबड्या मातीची वाट तशीच राहिली आणि त्या वाटेवर हातरिक्षा आली. एक माणूस पुढच्या दांड्यांत उभा राहून ओढतो, आणखी दोघे मागून ढकलतात, आत एक कुटुंब बसलेले असते. ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेली ही रीत एकविसाव्या शतकाची दोन दशके उलटली तरी चालूच होती.

आता पुनरुज्जीवनाकडे वळू. २६ जुलै २००५ च्या पावसाने रुळाखालचा डोंगरच ठिकठिकाणी वाहून गेला. गाडी बंद पडली. २००७ मध्ये शतकमहोत्सवाच्या वर्षी ती पुन्हा धावली. २०१६ च्या मे महिन्यात डबे घसरण्याचे प्रकार लागोपाठ घडले आणि सेवा थांबली. २०१७ च्या अखेरीस अमन लॉज ते माथेरान आणि २०१८ च्या आरंभी नेरळपासून ती पूर्ववत झाली. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा मार्ग खचला. या वेळी दुरुस्तीला तीन वर्षे लागली. स्लीपर बदलले गेले, उतार सावरण्यासाठी दगड भरलेल्या जाळ्यांच्या भिंती उभ्या राहिल्या आणि २०२२ च्या ऑक्टोबरात नेरळहून गाडी वर गेली. दरम्यान जागतिक वारशाच्या संभाव्य यादीतही या रेल्वेचे नाव नोंदले गेले आहे. दार्जिलिंग १९९९ मध्ये, निलगिरी २००५ मध्ये, कालका-सिमला २००८ मध्ये त्या मानाला पोहोचल्या. माथेरानही पोहोचावी अशी अनेकांची इच्छा आहे.

या प्रत्येक पुनरारंभानंतर जे लिहिले गेले त्याची एक ठरलेली भाषा आहे. गाडी 'रुसते', 'आजारी पडते', 'पुन्हा हसू लागते'. स्टेशन 'वाट पाहते'. इंजिन 'दमते'. मराठीतील प्रवासलेखनाने या गाडीला माणूस करून टाकले आहे. तिला लाड आहेत, वय आहे, निवृत्ती आहे. वाफेची जुनी इंजिने थकली तेव्हा एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात गेले, एक थेट इंग्लंडातल्या शौकिनांकडे गेले. त्यांना तेल-पाणी आहे, छप्पर आहे, अंगावर क्रमांकाची पितळी पट्टी आहे. आणि त्याच लेखनात, त्याच परिच्छेदात, हातरिक्षा ओढणारा माणूस मात्र वाहन म्हणून येतो: 'वर फिरण्यासाठी घोडे व हातरिक्षा उपलब्ध आहेत.' यंत्राला माणसाची क्रियापदे आणि माणसाला वस्तूचे विशेषण! समीक्षेत आपण प्रतिमांचा विचार करतो, प्राणारोपाची चर्चा करतो. हा प्राणारोप कोणाचे प्राण काढून कोणावर आरोपित केला आहे, हे पाहणेही समीक्षेचेच काम आहे.

स्टेशन म्हणजे इमारत, फलाट आणि रूळ असे मानणाऱ्यांनी बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' एकदा वाचावे. त्यातली पहिलीच आठवण एका छोट्या स्टेशनावरची आहे. साल १९०१. साताऱ्याहून चार मुले वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली आहेत. नवे कपडे, नव्या टोप्या, खिशात खाऊचे पैसे. मसूर स्टेशनावर संध्याकाळी पाचच्या सुमारास ती उतरतात. न्यायला कोणी आलेले नाही. स्टेशनमास्तर कळवळ्याने चौकशी करतो, जात कळताच त्याचा चेहरा बदलतो आणि तो खोलीत निघून जातो. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या आहेत, पण दुप्पट भाडे देऊ केले तरी एकही गाडीवान तयार होत नाही. अखेर मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असा तोडगा निघतो.

या प्रसंगात रेल्वे कुठेही वाईट वागलेली नाही. तिकीट मिळाले, डब्यात जागा मिळाली, गाडीने मुलांना मसूरला सुखरूप पोहोचवले. जात सुरू होते ती गाडी निघून गेल्यावर, फलाट रिकामा झाल्यावर, बाहेरच्या वाहनापाशी. १९२९ मध्ये बाबासाहेब सरकारी चौकशी समितीचे सभासद म्हणून चाळीसगावला उतरले, तेव्हाही तेच. टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला, तेव्हा टांगा तेवढा भाड्याने घेऊन वस्तीतल्याच एका माणसाने तो हाकला. हाकण्याची सवय नसल्याने टांगा पुलावर उलटला आणि ते जबर जखमी झाले. बॅरिस्टर असला काय आणि दहा वर्षांचा मुलगा असला काय, स्टेशनाबाहेरचे चाक त्याच्यासाठी फिरत नाही. अशा ठिकाणी एक दगडी कमान आणि चार कुंड्या जपून स्टेशनाचा इतिहास जपला असे म्हणता येईल काय?

रेल्वेच्या आतही सारे आलबेल होते असे मानू नये. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी दाखवून दिले की आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला पोर्टरची जागासुद्धा मिळत नाही, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरकाम करून घेतो आणि अस्पृश्य घरात कसा चालेल? त्याच भाषणात त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. हे वाक्य आपण सभांतून इतके उच्चारतो की त्याचा अर्थ गुळगुळीत झाला आहे. तो पुन्हा धारदार करायचा तर मसूरचे स्टेशन आणि माथेरानचे स्टेशन शेजारीशेजारी ठेवून पाहावे. मसूरला पैसा चालला नाही, जात चालली. माथेरानला तुमची जात कोणी विचारत नाही. पैसा टाका आणि माणसाच्या छातीच्या जोरावर बसून चला. मसूरला गाडीवान बाजूने चालत होता, कारण त्याला मुलांचा विटाळ होता. माथेरानला माणूस दांड्यांत चालतो, कारण त्याच्यापाशी विकायला दुसरे काही नाही.

आणि इथे एक गोष्ट आपणच आपल्याला सांगितली पाहिजे. मसूरला ज्यांना गाडीत बसू दिले नाही त्यांची नातवंडे-पतवंडे आज शिकली, नोकरीला लागली, सुट्टीत माथेरानला जाऊ लागली. भाडे देऊन हातरिक्षात बसण्याचा अधिकार आता आपल्यालाही आहे. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने 'दलित' या शब्दात अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया अशा सर्व शोषितांना घेतले होते. ती व्याख्या आपण व्यासपीठावर मानतो. स्टेशनाबाहेर मानतो की नाही?

२०१८ च्या डिसेंबरात मी काही विद्यार्थ्यांसह माथेरानला गेलो होतो. गाडीतून उतरून बाहेर आलो तशी रिक्षावाल्यांनी विचारणा सुरू केली. 'बसा सर, लांब आहे, पोरं दमतील,' असे एकजण आर्जवाने म्हणत राहिला. वयाने तो माझ्याहून मोठा असावा. आम्ही चालत निघालो. थोडे पुढे गेल्यावर एक विद्यार्थी म्हणाला, 'सर, आपण नाही बसलो, बरं केलं. पण सगळेच नाही बसले तर त्यांनी खायचं काय?' प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याला चटकन उत्तर देणे म्हणजे त्याची टिंगल करणे ठरले असते.

'त्यांच्या पोटाचे काय' हा युक्तिवाद आपल्या चळवळीला नवा नाही. मेलेली ढोरे ओढणे सोडा असे १९२७ च्या सुमारास महाडच्या परिसरात सांगितले गेले, महारवतनाविरुद्ध १९२८ मध्ये कायदेमंडळात विधेयक आले, तेव्हाही शहाणी माणसे हेच विचारत होती. हा प्रश्न दोन तोंडांनी विचारला जातो. जो स्वतः दांड्यांत आहे किंवा त्याच्याशी ज्याचे नाते आहे, तो जेव्हा विचारतो तेव्हा तो पर्यायाची मागणी करत असतो. जो गादीवर बसलेला आहे तो विचारतो तेव्हा तो आहे तीच व्यवस्था चालू राहण्याची सोय पाहत असतो. शब्द तेच, मागणी अगदी उलट. माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न पहिल्या जातीचा होता. माथेरानच्या हॉटेलांतून आणि वारसाप्रेमी बैठकांतून ऐकू येतो तो दुसऱ्या जातीचा.

दुसरा युक्तिवाद पर्यावरणाचा. माथेरानला मोटारीला बंदी आहे. २००३ पासून हा परिसर संवेदनक्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे. ही बंदी योग्यच आहे, ते रान राहिले पाहिजे. पण या बंदीच्या सावलीत हातरिक्षा 'प्रदूषणविरहित वाहन' ठरली! मोटार नको हे मान्य करताच माणूस जुंपणे आपोआप मान्य होते, असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? हवेची शुद्धता मोजताना ओढणाऱ्याच्या फुप्फुसात किती हवा शिल्लक राहिली हे कोणी मोजले नाही. निसर्गप्रेम आणि माणसाविषयीची बेफिकिरी एकाच घरात सुखाने नांदू शकतात, हे आपल्या संस्कृतीला नवीन नाही. मुंगीला साखर घालणाऱ्या हातांनीच पाणवठा बंद केला होता.

या परिस्थितीत रिक्षा ओढणाऱ्यांनीच ई-रिक्षाची मागणी लावून धरली, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची वाटते. आपला व्यवसाय टिकवा असे ते म्हणाले नाहीत. आमच्या अंगातून हे काम काढून घ्या, यंत्र द्या, असे म्हणाले. १९०७ मध्ये नेरळच्या पालखीला जे मिळाले ते माथ्यावरच्या रिक्षाला द्या, एवढाच याचा अर्थ. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रायोगिक ई-रिक्षांना वाट करून दिली. घोडेवाल्यांनी विरोध केला. त्यांना शत्रू ठरवण्याची घाई मी करणार नाही. गरिबाची भाकरी दुसऱ्या गरिबाच्या ताटातून काढून देण्याची पद्धत असली की भांडण त्या दोघांतच लागते आणि हॉटेलचा मालक पंच होतो. २०२४ मध्ये न्यायालयाने ई-रिक्षा हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाल्या पाहिजेत असे बजावले. आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षेची प्रथाच सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढावे हे घटनेने दिलेल्या प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे, हे त्या निकालाचे सार. पंजाबातल्या सायकलरिक्षा चालकांच्या बाबतीत याच न्यायालयाने १९८० मध्ये दिलेल्या निकालाचा हवालाही त्यात आहे. म्हणजे मधली ४५ वर्षे या देशाने काय केले, हा प्रश्न न्यायालयालाच पडला होता.

या पंचेचाळीस वर्षांत माथेरानला काय झाले ते वर आलेच आहे. वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले, रूळ तीन वेळा उखडले आणि तीन वेळा बसले. प्रत्येक वेळी सरकारला पैसा सापडला, अभियंते सापडले, डोंगर पोखरण्याची परवानगी सापडली. स्टेशनापासून पुढच्या दोन-तीन किलोमीटरांसाठी तेवढा मार्ग सापडला नाही. गाडी पुन्हा सुरू झाली याचा मला आनंदच आहे. वाडीवरून माथेरानला शाळेत, बाजारात, दवाखान्यात येणाऱ्या माणसालाही तिचा उपयोग व्हावा, केवळ पर्यटकाला नव्हे, असे मला वाटते. पण जिला आपण पुनरुज्जीवन म्हणतो ती क्रिया स्टेशनाच्या दाराशी येऊन थांबली, हे नोंदवल्याशिवाय त्या आनंदाला अर्थ नाही.

निकालात आणखी एक तपशील आहे, आणि कार्यकर्त्यांनी लक्ष घालावे असे खरे काम तिथेच आहे. गुजरातेतील केवडियाच्या धर्तीवर सरकारने ई-रिक्षा स्वतः विकत घ्याव्यात आणि त्या ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात. निधी नाही ही सबब चालणार नाही. आणि खरे रिक्षा ओढणारे कोण हे कलेक्टरच्या अध्यक्षतेखालील समितीने निश्चित करावे. आता माथेरानला परवाने होते ९४ हातरिक्षांचे. पण एका रिक्षेला माणसे तीन लागतात. ओढणाऱ्याचे नाव कदाचित परवान्यावर सापडेल. मागून ढकलणाऱ्याचे कुठे सापडणार? तो रोजावर येतो, पावसाळ्यात हंगाम संपला की दिसेनासा होतो, त्याच्याकडे ना बिल्ला ना पावती. परवाना एकाच्या नावावर आणि दांडी दुसऱ्याच्या हातात, असा प्रकार कुठल्याही परवान्याच्या धंद्यात होतो, तसा इथेही झाला असेल तर 'खरा' ठरणार तो कागदवालाच. समितीपुढे यादी जाण्यापूर्वी माथ्यावर जाऊन, वाड्यावाड्यांतून फिरून, कोण किती वर्षे ओढत होता आणि कोण ढकलत होता याची तोंडी साक्ष लिहून घेणे विद्यार्थ्यांच्या एका तुकडीला आठ दिवसांत जमण्यासारखे आहे. कर्जत, नेरळ, पनवेल भागातील शिक्षकांनी ते मनावर घ्यावे. साक्षी लिहून झाल्या की त्यांची एक प्रत समितीला द्यावी आणि एक आपल्या या अंकांकडे पाठवावी.